बर्मिंगहॅम: ओझीच्या गल्लीतून व्हिला पार्कपर्यंत

ओझी ऑस्बॉर्न, म्हणजे बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथ ह्या हेवी मेटल बँडचा गायक, त्याचं नाव काढलं की लोक दोनच गोष्टी विचारतात, वटवाघुळाचं डोकं आणि तो टीव्हीवरचा फॅमिली शो. वटवाघुळाचं खरं आहे, 20 जानेवारी 1982, अमेरिकेत डे मॉइन, कुणीतरी स्टेजवर फेकलं आणि रबराचं वाटून त्याने त्याचं डोकं चावलं. पण मी एका छोट्या मेटल बँडमध्ये गाते, त्याआधी बरीच वर्षं शास्त्रीय शिकले, आणि मला त्या माणसाबद्दल पडलेला प्रश्न वेगळाच आहे, की हा गायला कसा लागला आणि असाच का गायला. कारण त्याला गायक म्हणून मोजणारे लोक कमी भेटतात, फ्रंटमन म्हणतात, वेडा म्हणतात, प्रिन्स ऑफ डार्कनेस म्हणतात, गायक कुणी म्हणत नाही. जुलै 2025 मध्ये तो गेला तेव्हाच ठरवलं होतं की बर्मिंगहॅमला जायचं. माझा मावसभाऊ समीरदादा तिथे हार्बोर्नला राहतो, तो किती दिवस म्हणत होता ये, मग ऑक्टोबरमध्ये सुट्टी जुळली आणि निघाले.

गुरुवार: स्टेशन, बैल, बंद पब आणि पूल

न्यू स्ट्रीट स्टेशनात उतरल्याउतरल्या समोर दहा मीटर उंच लोखंडी बैल उभा. डोकं हलवतो, डोळे फिरवतो, डरकाळी फोडतो, खाली पोरं नुसती वर तोंड करून बघत असतात. 2022 च्या कॉमनवेल्थ गेम्सच्या उद्घाटनात हा बैल होता, साखळ्या बनवणाऱ्या बायका त्याला ओढत आणतात असा तो प्रसंग होता, आणि त्याच गेम्सच्या समारोपाला ओझी अचानक येऊन ब्लॅक सॅबथचा गिटारिस्ट टोनी आयोमीबरोबर गायला. मग बैल स्टेशनात कायमचा आला, लोकांकडून नाव मागवलं, लोकांनी ओझी ठेवलं. दादा म्हणाला, "इथे सगळे एकमेकांना ओझीखाली भेटू असंच सांगतात." आम्हीही तिथेच भेटलो होतो की!

स्टेशनच्या बाजूलाच नेव्हिगेशन स्ट्रीटवर बँडच्या चौघांचं मोठं म्युरल आहे, ओझी, टोनी आयोमी, बासवाला गीझर बटलर, ड्रमवाला बिल वॉर्ड. तिथून चालत दोन-चार मिनिटांवर स्टेशन स्ट्रीट, आणि तिथे क्राउन नावाचा पब. म्हणजे होता, 2014 पासून बंद आहे. खिडक्यांना फळ्या, भिंतीवर पोस्टरांचे थर. ह्याच पबच्या वरच्या मजल्यावर जिम सिम्पसन नावाचा माणूस हेन्रीज ब्लूजहाऊस चालवायचा, आठवड्यातून एकदा ब्लूजची रात्र. हे चौघं तिथे आधी ऐकायला यायचे आणि मग वाजवायला लागले, तेव्हा बँडचं नाव अर्थ होतं, आणि पुढे सिम्पसन त्यांचा मॅनेजर झाला. मी फुटपाथवर उभी राहून वरच्या खिडक्या बघत बसले. खोली काही फार मोठी असणार नाही, आम्ही वाजवतो तसलीच असणार, आणि त्या तसल्या खोलीत जगातल्या एका अख्ख्या संगीतप्रकाराची सुरुवात झाली हे पचायला मला जरा वेळ लागला.

सुरुवात कशी झाली तेही सांगते, कारण त्यातला एक तपशील मला फार आवडतो. ओझीने म्युझिक शॉपमध्ये चिठ्ठी लावली होती, ओझी झिगला काम हवंय आणि स्वतःची पीए सिस्टिम आहे. ह्यात महत्त्वाचं वाक्य दुसरं. पीए म्हणजे माइक, अँप, स्पीकर, आणि ती घ्यायला त्याच्या वडिलांनी कर्ज काढलं होतं. रात्रपाळी करणारा टूलमेकर, घरात सहा मुलं, आणि ज्या पोराची कुठलीच नोकरी टिकत नाही त्याच्या गाण्यासाठी कर्ज! ती चिठ्ठी बघून आधी गीझर आला, आणि त्या दोघांचा बँड मोडल्यावर टोनी आणि बिल दारात आले. टोनी त्याच्याच शाळेतला, एक वर्ष पुढे, आणि ओझी झिग म्हणजे शाळेतला तोच पोरगा हे कळल्यावर टोनी परत निघाला होता. गायकाला पहिली संधी आवाजावर मिळाली नाही, स्पीकरवर मिळाली. बँडवाल्या कुणालाही विचारा, आजही तसंच चालतं.

संध्याकाळी ब्रॉड स्ट्रीटवर ब्लॅक सॅबथ ब्रिज. कॅनॉलवरचा साधा रस्त्याचा पूल, 2019 मध्ये त्याला बँडचं नाव दिलं आणि वर धातूचा बाक ठेवला, पाठीवर चौघांचे चेहरे आणि खाली मेड इन बर्मिंगहॅम 1968. पाऊस भुरभुरत होता, बाकाखाली फुलं, गिटार वाजवायच्या पिक्स, कुणी ठेवलेलं लहानसं प्लास्टिकचं वटवाघूळ. माझ्या शेजारी एक साठीपुढचे गृहस्थ डेनिम जॅकेट घालून उभे होते, 30 जुलैला अंत्ययात्रा इथून गेली तेव्हा सकाळपासून येऊन थांबले होते म्हणाले. ब्रास बँड पुढे वाजवत होता, गाड्या पुलावर थांबल्या, घरचे उतरून फुलं बघायला आले. "आम्ही त्याचं नाव ओरडत होतो, म्हणजे रडत होतो आणि ओरडत होतो," असं काहीतरी ते म्हणाले, त्यांचे ब्रमी, म्हणजे बर्मिंगहॅमी उच्चार मला पहिल्या दिवशी अर्धेच कळत होते. जाताना मला म्हणाले, "टेक केअर, बॅब." बॅब म्हणजे बाळ, बाई, पोरी, सगळंच.

जाणाऱ्यांसाठी: हे सगळं पायी होतं, न्यू स्ट्रीट ते पूल रमतगमत अर्धा तास. बाकावर फोटो काढायचा तर सकाळी लवकर जा, ब्रॉड स्ट्रीट रात्री पबवाल्यांनी भरून जातो. ट्रामला आणि बसला कॉन्टॅक्टलेस कार्ड चालतं, सुटे पौंड शोधत बसू नका.

शुक्रवार: ॲस्टन

हा दिवस माझ्यासाठी मुख्य. दादाने ऑफिसला दांडी मारली. न्यू स्ट्रीटहून वॉल्सॉलकडे जाणारी लोकल पकडली, विटन स्टेशनला उतरलो, दहा-बारा मिनिटांचा प्रवास. उतरल्यावर व्हिला पार्कचं फुटबॉल स्टेडियम दिसतंच, पण मी दादाला म्हटलं तिकडे बघायचं नाही, ते रविवारी, आज नुसतं ओझीचं घर आणि गल्ल्या.

लॉज रोड म्हणजे लाल विटांची एकाला एक चिकटलेली घरं, पुढे दोन पावलांचं अंगण, मागे बहुतेक तेवढंच. 14 नंबर. जॉन मायकल ऑस्बॉर्न 3 डिसेंबर 1948 ला जन्मला आणि इथे वाढला, आठ माणसं ह्या एवढ्याशा घरात. वडील जॅक जीईसीच्या कारखान्यात रात्रपाळी, आई लिलियन लुकसच्या कारखान्यात दिवसपाळी, म्हणजे एक घरी येणार तेव्हा दुसरं निघणार. घरात आजही कुणीतरी राहतं, पडदे ओढलेले होते, बाहेर लहान मुलाची सायकल. आम्ही समोरच्या फुटपाथवरून बघितलं आणि पुढे निघालो. तुम्हीही कृपया बेल वाजवू नका, ते लोकांचं घर आहे.

तिथून विटन रोड. ओझीने पुष्कळदा सांगितलंय की 1963 साली हातात निळा ट्रान्झिस्टर घेऊन ह्या विटन रोडवरून चालत असताना बीटल्सचं शी लव्ज यू लागलं आणि त्याचं आयुष्य तिथल्या तिथे बदललं. मी तो रस्ता ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, कानात तेच गाणं लावून. आता तिथे हलाल मटणवाले, मोबाईलवाले, कापडवाले, कॅरिबियन बेकरी, मिठाईची दुकानं. एका दुकानात समोसे गरम दिसले म्हणून शिरलो, काउंटरवर पंचेचाळिशीचे भाईजान, आमचं हिंदी आणि त्यांचं पंजाबी-उर्दू मिळून झकास चाललं. मी ओझीचं घर बघायला आले म्हटल्यावर ते म्हणाले, "जुलैमध्ये ब्राझीलवाले आले, जपानवाले आले, काळे टीशर्ट, केस इथपर्यंत, आणि सगळे इतके अदबशीर! समोसे संपवून गेले सगळे." समोसे खरंच छान होते, आत जिरं-धने अख्खे.

बाहेर बसस्टॉपवर एक जमैकन आजी बसल्या होत्या, डोक्यावर लोकरीची टोपी, हातात भाजीची ट्रॉली. त्यांचे यजमान जीईसीत होते, तिथेच रिटायर झाले. मी विचारलं आवाज यायचा का हो कारखान्यांचा, तर म्हणाल्या आवाज नाही, वास आठवतो, एकीकडून ब्रुअरीचा वास आणि एकीकडून सॉस फॅक्टरीचा व्हिनेगर, वारा कुठला आहे ते नाकाला कळायचं. अन्सेल्सची ब्रुअरी 1981 ला बंद झाली आणि एचपी सॉसचा कारखाना 2007 ला. आता नुसता पावसाचा आणि डिझेलचा वास येतो.

मेटलवर लिहिणारे सगळे म्हणतात की हा कारखान्यांच्या घणाचा आवाज आहे. असेल, पण ॲस्टनमध्ये फिरताना मला दुसरी गोष्ट जास्त जाणवली. ओझीने पंधराव्या वर्षी शाळा सोडली, मग प्लंबरच्या हाताखाली, टूलमेकरच्या हाताखाली, कत्तलखान्यात, आणि आईच्याच लुकस कंपनीत कारचे हॉर्न ट्यून करायला. एका बंद खोलीत दिवसभर हॉर्न लावायचा, ऐकायचा, सूर जुळवायचा, पुढचा घ्यायचा. त्याला त्या कामाचा मनापासून तिटकारा होता. पण मी गाणारी बाई म्हणून सांगते, दिवसभर एकेक सरळ सूर ऐकून तो बरोबर आहे की नाही ठरवणं ही काही कमी तालीम नाही. त्याचं गाणं ऐका, सूर असाच सरळ लागतो, मींड नाही, हरकत-मुरकी नाही, कंप जवळजवळ नाही. हॉर्नमुळेच तसं झालं असा माझा दावा नाही, पण त्या सरळपणाची सवय ज्या घरांत आणि ज्या नोकऱ्यांत लागते ती घरं मी बघून आले.

त्याला काही महिने नव्हे पण सहा आठवडे विन्सन ग्रीनच्या तुरुंगातही काढावे लागले होते, चोरीबद्दल दंड झाला आणि वडिलांनी धडा म्हणून भरला नाही. तेच वडील पुढे पीएसाठी कर्ज काढतात. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने केल्या ह्यात मला तरी काही विसंगत वाटत नाही. तुरुंग अजून चालू आहे, बाहेरून उंच भिंत, आम्ही बसमधूनच बघितला.

रात्री बाल्टी! म्हणजे बादली नव्हे, पातळ पत्र्याच्या कढईत मोठ्या आचेवर झरझर केलेलं मटण किंवा चिकन, आणि त्याच कढईतून खायचं. 1970 च्या दशकात इथल्या काश्मिरी-पाकिस्तानी हॉटेलवाल्यांनी काढलेला प्रकार, स्पार्कब्रुक, स्पार्कहिल आणि बॉल्सल हीथ मिळून बाल्टी ट्रँगल म्हणतात. कढई दाबलेल्या स्टीलची, ती बनवायची सुरुवातही ह्याच शहरात. वहिनीने आधीच बजावलं होतं, "भात मागू नकोस, टेबल नान माग," आणि तो आला तर खरंच टेबलाएवढा, आम्ही चौघं मिळून संपला नाही. चिकन आणि मेथीची बाल्टी घ्या, कढई चरचरत येते, तेल वर सुटलेलं, पहिला घास तोंड भाजूनच खावा लागतो कारण थांबवत नाही. बऱ्याच ठिकाणी दारू मिळत नाही पण स्वतःची नेलेली चालते, आधी फोन करून विचारा.

शनिवार: डडली, साखळ्या आणि केशरी चिप्स

दादा म्हणाला नुसतं बर्मिंगहॅम बघून मेटल कळणार नाही, ब्लॅक कंट्री बघ, म्हणजे बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला लागून असलेला कोळशा-लोखंडाचा जुना पट्टा. आणि लगेच ताकीद, की तिथे कुणाला तुम्ही बर्मिंगहॅमचे ना असं विचारू नकोस, फार लागतं त्यांना. डडलीचं ब्लॅक कंट्री लिव्हिंग म्युझियम म्हणजे जुनी घरं, दुकानं, कार्यशाळा उचलून आणून पुन्हा उभं केलेलं एक गावच आहे. ट्रेनने टिप्टनला उतरून जाता येतं, आम्ही कारने गेलो. अर्धा दिवस कमी पडतो, सकाळी उघडताच जा आणि पाऊस असेल तर चांगले बूट घाला, गावभर चिखल आणि दगडी फरशी.

तिथे साखळी बनवून दाखवतात. भट्टीत सळई लालभडक, ऐरणीवर वाकवायची, आधीच्या कडीत अडकवायची, टोकं पुन्हा तापवून घणाने जोडायची. करून दाखवणारा पस्तिशीचा दाढीवाला, बोलता बोलता घण मारत होता आणि प्रत्येक घावाला माझी नजर त्याच्या बोटांवर. मला टोनी आयोमी आठवत होता. सतरा वर्षांचा, पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीचा शेवटचा दिवस, आणि मशीनने उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं नेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच तो. कारखान्यातल्या फोरमनने त्याला जॅंगो राइनहार्ट ह्या गिटारिस्टची रेकॉर्ड आणून दिली, ज्याची दोन बोटं भाजून निकामी झाली तरी तो वाजवत होता. मग टोनीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं, हलक्या तारा लावल्या, आणि 1971 पासून गिटार खालच्या सुरात उतरवली, त्याने तारा सैल झाल्या आणि आवाज जड झाला.

आता गायकाच्या बाजूने बघा. गिटार खाली, बास खाली, ड्रम जड, खालची सगळी जागा भरलेली. मग गाणाऱ्याला मोकळी जागा फक्त वर उरते. ओझी वर गायला तो म्हणून, ओरडायचं म्हणून नव्हे. आणि पुष्कळदा तो रिफचीच, म्हणजे गिटारवर परत परत येणाऱ्या तुकड्याचीच धून गातो, त्यांचं आयर्न मॅन हे गाणं ऐका, गिटार जाते तिथेच आवाज जातो. आपल्याकडे पेटीवाला गायकाच्या मागे जातो, इथे गायक गिटारच्या मागे जातो, आणि त्याला त्यात काही कमीपणा वाटत नाही. माझे गुरुजी असते तर म्हणाले असते ह्यात गाणं कुठेय. मला वाटतं गाणं तिथेच आहे, की स्वतःला पुढे न काढता सुरावर उभं राहायचं.

ब्लॅक सॅबथ ह्या बँडच्याच नावाच्या पहिल्या गाण्याची रिफ तीन सुरांची आहे, सा, वरचा सा, आणि तीव्र मध्यम. बास! गीझर होल्स्ट ह्या संगीतकाराचं मार्स वाजवून बघत होता, त्यावरून दुसऱ्या दिवशी टोनीने हे काढलं म्हणतात. यमनमध्ये तोच तीव्र म किती गोड लागतो, कारण शेजारी ग आणि प असतात. इथे त्याला एकटं सोडून दिलंय, म्हणून अंगावर येतो. मी हे त्या भट्टीपाशी वहिनीला गाऊन दाखवलं, तर दाढीवाला घण खाली ठेवून म्हणाला, "सॅबथ!" तीन सुरांत ओळखलं त्याने. मग काय, त्याने स्वतः रिफ घणाने वाजवून दाखवली, भोवती उभी असलेली शाळेची पोरं टाळ्या वाजवायला लागली.

तिथेच क्रॅडली हीथची वर्कर्स इन्स्टिट्यूटची इमारत आणून उभी केलीय. 1910 मध्ये साखळ्या करणाऱ्या बायकांनी कामगार नेत्या मेरी मॅकार्थरबरोबर संप केला, दहा आठवडे, आणि किमान वेतन मिळवलं, आणि संपाच्या फंडातून उरलेल्या पैशांतून ही इमारत बांधली. स्टेशनातल्या त्या बैलाला ओढणाऱ्या बायका त्या ह्या. मी तिथे बराच वेळ रेंगाळले, वहिनी शेवटी हाक मारायला आली.

दुपारी केशरी चिप्स. ब्लॅक कंट्रीत बटाट्याच्या चिप्स बॅटरमध्ये घोळून तळतात आणि रंग चक्क केशरी. बाहेर कुरकुरीत, आत मऊ, वर मीठ आणि व्हिनेगर, कागदात गुंडाळून थंडीत उभ्याने खायच्या. आपल्याकडच्या भजीप्रेमींनी इथे यावंच.

परतताना वॉल्सॉलमधून आलो, जुडास प्रीस्ट ह्या मेटल बँडचा गायक रॉब हॅलफर्डसाठी. जुडास प्रीस्ट 1969 ला वेस्ट ब्रॉमविचला सुरू झाला, तेव्हा गायक होता ॲल ॲटकिन्स, हॅलफर्ड आला 1973 ला. तो वॉल्सॉलमध्ये वाढलेला, शाळेच्या वाटेवर ओतकामाचा कारखाना. आणि वॉल्सॉल म्हणजे घोड्यांची खोगिरं, चामड्याचं गाव, फुटबॉल क्लबचं टोपणनावही सॅडलर्स, खोगीरवाले. चामडं आणि खिळे हा मेटलचा पोशाख ज्याने करून ठेवला तो माणूस चामड्याच्या गावचा! आवाज मात्र ओझीच्या बरोबर उलट, तीन-चार सप्तकं फिरणारा, दागिने घातलेला. ओझी आणि हॅलफर्ड, दोघंही न्यू स्ट्रीटहून सुटणाऱ्या एकाच लोकलच्या स्टेशनांवरचे. ह्याहून सोपं मला सांगता येत नाही की हा भाग काय चीज आहे.

रविवार: म्युझियम आणि व्हिला पार्क

सकाळी बर्मिंगहॅम म्युझियम अँड आर्ट गॅलरीतलं ओझीचं प्रदर्शन. 25 जून 2025 ला तो असतानाच उघडलं, तो स्वतः येऊन बघून गेला, मग गेल्यावर गर्दी इतकी झाली की मुदत वाढवली. फुकट आहे. काचेमागे ग्रॅमी, सोन्या-प्लॅटिनमच्या रेकॉर्डी, भिंतीवर फोटो. आठवडाभर उघडं नसतं, वेबसाईटवर वार बघून जा.

मी फोटोंपाशी जास्त थांबले. 1969 मध्ये हॅम्बुर्गला स्टार क्लबमध्ये हे एका रात्रीत कितीतरी सेट वाजवायचे, समोर कधी कधी मोजकी माणसं. माझ्यासारख्या गाणाऱ्या माणसाला त्यात काय दिसतं सांगू का, की एका रात्रीत तितके सेट गायलात तर आवाजातलं नकली जे काही आहे ते तिसऱ्या सेटला गळून पडतं आणि उरतो तो तुमचा आवाज. तिथून आले आणि 16 ऑक्टोबर 1969 ला लंडनमध्ये पहिला अल्बम एका दिवसात रेकॉर्ड केला, स्टेजवर वाजवतात तसा. 13 फेब्रुवारी 1970 ला, शुक्रवारी, तो बाजारात आला. त्याच वर्षी दुसरा, आणि अमेरिकेचा दौरा.

पुढचं मी घाईने सांगते, कारण ते सगळ्यांना माहीतच आहे, 1979 ला दारू आणि ड्रग्समुळे त्याला बँडने काढलं, 1980 ला स्वतःचा बँड. पण एका फोटोपाशी घाई करता येत नाही, रँडी ऱ्होड्स. ज्या गिटारिस्टने ओझीला उभं केलं तो 19 मार्च 1982 ला दौऱ्यातच फ्लोरिडातल्या लीसबर्गला छोट्या विमानाच्या अपघातात गेला, पंचवीस वर्षांचा. बस उभी, बाकीचे आत झोपलेले, आणि विमान बसला घासून कोसळलं. काही दिवसांतच दौरा पुन्हा सुरू झाला. टूर, टूर आपण सहज म्हणतो, आमच्या बँडमध्ये तर तोच जप चालतो. पण तो शब्द त्याच्यासाठी काय होता ते त्या फोटोसमोर कळलं मला, रडू आलं, शेजारची गार्ड बाई टिश्यू घेऊन आली आणि काही न विचारता निघून गेली, त्यांना सवय झाली असावी.

दुपारी शेवटी व्हिला पार्क. मॅच नव्हती, म्हणून ठरवून हाच दिवस घेतला होता, मॅचच्या दिवशी विटनच्या बाजूला पाय ठेवायला जागा नसते. शेजारीच ॲस्टन हॉल, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेली हवेली, तिच्याच आवारातल्या जमिनीवर स्टेडियम. लहानपणी ओझी मॅचच्या दिवशी इथे लोकांच्या गाड्या राखून चिल्लर कमवायचा. लॉज रोडपासून इथे चालत यायला पंधरा मिनिटंही लागत नाहीत, मी चालून बघितलं.

5 जुलै 2025 ला इथे ओझीच्या शेवटच्या कार्यक्रमाला चाळीस हजारांहून जास्त लोक होते. मेटालिका, गन्स अँड रोझेस, स्लेयर, टूल, सगळे आपापल्या गाण्यांबरोबर सॅबथची गाणीही वाजवत होते, आणि पैसे पार्किन्सन्सच्या संस्थेला, इथल्याच मुलांच्या हॉस्पिटलला आणि हॉस्पिसला. शेवटी ओझी, काळ्या सिंहासनावर बसून, कारण उभं राहता येत नव्हतं. मी तो कार्यक्रम घरी स्ट्रीमवर बघितला होता आणि मामा आय एम कमिंग होम लागलं तेव्हा लोक नुसते रडत होते. पण मी स्टेडियमच्या भिंतीला टेकून ते रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं, फक्त आवाज. वय 76, पार्किन्सन्स, मणक्याची ऑपरेशनं, श्वास पुरत नाही, सूर कुठे कुठे घसरतो. तरी तो सुरावर सरळच जायला बघतो. घसरलेला सूर लपवायला हरकत-मुरकी घेत नाही, प्रेक्षकांकडे माइक टाकून सुटत नाही, ओळ पूर्ण करायला बघतो. नंतर चौघं एकत्र, 2005 नंतर पहिल्यांदा, चार गाणी. आणि सतरा दिवसांनी, 22 जुलैला, गेला.

लोक म्हणतात शेवटी आवाज राहिला नव्हता. मी गाते, मला विचाराल तर तो त्या दिवशी जेवढा गायक होता तेवढे आम्ही पुष्कळ जण तरुणपणी पण नसतो.

जाणाऱ्यांसाठी: स्टेडियमची टूर असते पण तारखा मॅचप्रमाणे बदलतात, आधी बुक करा. ॲस्टन हॉल हिवाळ्यात बंद असू शकतो. जेवायला विटन रोडच. ॲस्टनमध्ये दिवसा फिरा, लोकांशी बोला, हिंदी-उर्दू येत असेल तर अर्धं काम तिथेच होतं.

दादाची सोमवारी पहाटेची शिफ्ट होती म्हणून एअरपोर्टला टॅक्सीने गेले. ड्रायव्हर पन्नाशीचे, वडील मिरपूरहून येऊन इथल्या फाउंड्रीत लागलेले. माझा टीशर्ट बघून आरशातूनच विचारलं, कुठला अल्बम? मी म्हटलं तिसरा, मास्टर ऑफ रिॲलिटी, गिटार उतरवलेली, आवाज वर. त्यांनी मान हलवली, नाही नाही, चौथा, व्हॉल्यूम फोर, त्यात ओझी पहिल्यांदा हळू गायलाय पियानोवर. आणि लावलाच त्यांनी. मी पण माझा लावा म्हटलं, एक गाणं तुमचं, एक माझं, असं करत टर्मिनल आलं, बॅग उतरवून हातात दिली तरी ते चौथ्यावरच अडून होते, आणि मी तिसऱ्यावर.